एडका अंग झाडेना

सुलाबाईला त्या रविवारी पहाटेपासून एकाच गोष्टीची धास्ती होती, आणि ती गोष्ट नातीचं जावळ नव्हती. जावळाची काळजी करायला घरात माणसं उदंड होती. धाकटा मल्हार आदल्या दिवशीच सांगलीहून मांडवाचं सामान घेऊन आला होता. त्याची बायको माया पाहुण्यांना द्यायचे टॉवेल-टोप्यांचे गठ्ठे मोडून पुन्हा रचत होती. मायाचा भाऊ बिरदेव पलटणीतून रजा काढून आला होता, कारण पोरीला मांडीवर घ्यायला मामाच लागतो. सुलाबाईला हवं होतं ते एवढंच, की आज दिवसभर थोरल्या धुळाला काही कळू नये. उद्या कळणारच होतं. उद्या सकाळी तासगावच्या कोंडीबा व्यापाऱ्याचा टेंपो येऊन सगळी मेंढरं भरून नेणार होता, आणि ज्याची हयात त्या मेंढरांमागं गेली त्याला ती टेंपोत चढताना दिसल्याशिवाय कशी राहतील?

बेत मल्हारचा. वाईट म्हणावा असाही नव्हता, हीच तर पंचाईत होती. धुळाचे गुडघे गेले होते. गेल्या साली कळप खाली उसाच्या मुलखात नेताना हमरस्त्यावर कोकरं ट्रकखाली आली, आणि त्यांना ओढायला धावलेला धुळा थोडक्यात वाचला. मल्हारनं त्याच्यासाठी तासगावात एका बेदाण्याच्या गोदामावर राखणीचं काम बघून ठेवलं होतं. राहायला खोली होती. धुळाच्या पोरीचं, सृष्टीचं, कॉलेजही तिथंच झालं असतं. "दादाला इचारलं तर त्यो न्हाईच म्हणणार," मल्हार फोनवर म्हणाला होता. "कळपाचं तुझ्या शब्दाशिवाय काय हलत न्हाई, आये. तू व्हय म्हण. जावळ हसतखेळत हुंदे, मग मी समजावतो त्याला."

आणि सुलाबाई व्हय म्हणाली होती. तिचा नवरा असाच कृष्णाकाठच्या रानात, जाळीच्या कुंपणात बसवलेल्या मेंढरांशेजारी रात्री आडवा झाला तो सकाळी उठलाच नाही. हिला निरोप मिळून ही पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. थोरल्याचंही तसंच होणार, ही भीती तिच्या मनातून कधी गेलीच नव्हती. फोन ठेवला तेव्हा तिला सुटल्यासारखं वाटलं. रात्री ताटावर बसली तर घास उतरेना, आणि तेव्हापासून तो धड उतरलाच नव्हता.

अंगणातल्या हौदापाशी धुळा देवाचा एडका धूत होता. मल्हार-मायाची शिवांजली जन्मली त्याच आठवड्यात हे कोकरू जन्मलं, आणि धुळानं तेव्हाच सांगून टाकलं होतं की हे पोरीच्या जावळाचं. आता तो चांगला भरलेला, काळ्या तोंडाचा एडका झाला होता. धुळा एका हातानं त्याचं तोंड धरून दुसऱ्या हातानं पाणी ओतत होता आणि एडका गप उभा होता. काम झाल्यावर धुळानं हात काढला, तसं त्या जनावरानं असं काही अंग झाडलं की टोप्यांचा गठ्ठा घेऊन निघालेली माया नव्या साडीसकट भिजली. धुळाची बायको हरणाबाई पदर तोंडाला लावून हसली. धुळाही हसला. सुलाबाईला मात्र हसता आलं नाही.

"आये," धुळा हात पुसत म्हणाला, "काय बोलायचं हाय का?"

"कुणाला? मला?"

"मघाधरनं हौदाभवतं फिरतीयास."

"न्हाई रं. पाणी लय गार हाय का बघत व्हते."

"गार हाय," धुळा म्हणाला, आणि थोडा वेळ तिच्याकडं बघत राहिला. मग एडक्याला घेऊन तो मांडवाकडं गेला.

सुलाबाईनं सुटकेचा श्वास सोडला खरा, पण तो पुरता सुटला नाही. ती चुलीकडं गेली तर तिथं माया साडी बदलून आलेली. माया सांगलीत वाढलेली, बोलायला स्वच्छ. आजूबाजूला कुणी नाही असं बघून तिनं सासूला सरळच सांगितलं की हे तिला पटलेलं नाही, रात्री ती मल्हारशी भांडली आहे, आणि उद्या टेंपो बघून भाऊजींना कळलं तर ते परत या घराची पायरी चढणार नाहीत. "ह्यांचं ऐकू नका, आई. आजच सांगा. तुमच्या तोंडून कळलं तर ते सोसतील."

"आज? जावळाच्या दिवशी? सगळ्या पावण्यांम्होरं?" सुलाबाई म्हणाली. "आजचा दिस जाऊ दे गं बाई."

तेवढ्यात हरणाबाई खोबरं भाजायची कढई न्यायला आत आली आणि दोघी एकदम मिठाबद्दल बोलायला लागल्या. हरणाबाईनं एकदा जावेकडं, एकदा सासूकडं बघितलं. मीठ समोरच होतं. तिनं कढई उचलली आणि ती गेली.

दहाच्या सुमाराला पाहुणे यायला लागले. इस्लामपूरहून नाथाजी सुभेदार आपल्या बायकोला, राहीबाईला घेऊन गाडीतून उतरले. सैन्यातून निवृत्त होऊन त्यांना जमाना झाला, तरी चालण्यातली ऐट तशीच होती. त्यांच्या ऊस निघालेल्या रानात हा कळप सुलाबाईच्या नवऱ्यापासून बसत आला होता, मेंढरांच्या लेंडीनं त्यांचं रान पिकत आलं होतं, आणि त्या निमित्तानं दोन घरं एक झाली होती. नाथाजींनी पोरीच्या हातात चांदीचं कडं घातलं आणि खुर्चीत बसता बसता दरसालचा सवाल टाकला.

"मग वैनी, यंदा दिवाळी झाल्यावर कवा येताय? आमच्या रानातला ऊस पयल्या तोडीत जाणार हाय. दुसऱ्या कुणाला सांगू नगा बरं का."

सुलाबाईनं नजर चुकवली. कारण बरोबर शेजारच्या खुर्चीत, पांढरी टोपी, पांढरा सदरा, हातात चहाची बशी, असा कोंडीबा येऊन बसला होता. मल्हारनं त्याला मित्र म्हणून आवतण दिलं होतं. माणूस गोड बोलायचा, पण त्याचे डोळे काही जावळाच्या पोरीवर ठरत नव्हते. ते सारखे मांडवापलीकडं, जाळीतल्या मेंढरांकडं जात होते.

"बघू की," सुलाबाई म्हणाली. "येतील."

कोंडीबानं बशीतला चहा फुर्रकन ओढला आणि काही बोलला नाही. ते त्याचे उपकारच म्हणायचे. पण धुळा पाण्याची घागर घेऊन तिथंच उभा होता, आणि तो कोंडीबाकडं न बघता आईकडं बघत होता. सुलाबाई पदर सावरत उठली आणि उगीचच राहीबाईला पोरीचे कपडे दाखवायला घेऊन गेली.

सगळी मंडळी मग टेकाडावरच्या बिरोबा देवाच्या ठाण्याला निघाली. पुढं गजीनृत्याचे ढोल, मागं बाया, आणि मधे मामाच्या कडेवर शिवांजली. न्हाव्यानं वस्तरा पाण्यात बुडवला तशी पोरगी जी रडायला लागली ती पहिली बट पडेपर्यंत थांबली नाही. जंगलात रात्रंदिवस गस्त घालणारा बिरदेव तिला मांडीवर धरता धरता घामाघूम झाला. पोरीला आत्या नव्हती, म्हणून केस चुलतीनं, हरणाबाईनं, ताटात झेलले. गुळगुळीत डोक्याला हळदीचा भंडारा लागला, फोटो झाले, मामाचा आहेर झाला. सगळं वेळेत आणि नीट चाललं होतं. सुलाबाई मनाशी म्हणाली, आता एवढं एडक्याचं झालं की पंगती बसतील, आणि पंगती बसल्या की दिवस गेलाच.

धुळानं एडक्याला ठाण्यापुढं आणलं. मल्हारनं त्याच्या कपाळाला भंडारा लावला आणि तांब्यातलं पाणी पाठीवर, कानांवर ओतलं. या घराण्याची रीत अशी, की पाणी पडल्यावर जनावरानं अंग झाडलं म्हणजे देवानं ते पदरात घेतलं. झाडेपर्यंत सुरीला कुणी हात लावायचा नाही. बहुतेक वेळा पाणी पडतं न पडतं तोच ते झाडतं, ढोल वाजतो आणि माणसं जेवणाच्या गोष्टी बोलायला लागतात.

एडका उभा राहिला. पाणी त्याच्या पोटाखालून ठिबकत होतं आणि तो सगळ्यांकडं शांतपणे बघत होता.

मल्हारनं अजून पाणी ओतलं. एडक्यानं डोळे मिटले आणि उघडले. कुणीतरी म्हणालं, ढोल थांबवा, बुजलंय ते. ढोल थांबला. कुणी म्हणालं, भंडारा कमी पडला. पुन्हा भंडारा उधळला. धुळा एडक्याच्या डोक्याशी उकिडवा बसला होता, एक हात त्याच्या जबड्याखाली घालून, मान खाली घालून.

अर्धा तास गेला. खाली मांडवात आचाऱ्यानं मसाला परतून ठेवला होता आणि तो माणूस पुन्हा पुन्हा वर निरोप पाठवत होता, की मटण कधी येणार. भाकऱ्यांची चळत थंड व्हायला लागली होती. मग भावकीतलं एक म्हातारं माणूस बोललं ते सगळ्यांच्या मनात होतं तेच. "कुणाच्या तरी पोटात काय तरी हाय. त्याशिवाय द्येव आडून बसत न्हाई. ज्याचं आसंल त्यानं बोलून मोकळं व्हा."

पहिला बिरदेव पुढं झाला. रजेसाठी वरिष्ठांना आजीची तब्येत बिघडल्याचं खोटं कारण सांगितलं होतं, ते त्यानं देवापुढं कबूल केलं. एडका ढिम्म. मायानं हात जोडले. पोरीचं जावळ वस्तऱ्यानं नको, मशीननं करू, असं ती सांगलीत म्हणाली होती, ते तिचं चुकलं. हरणाबाई उठली. तिनं सांगितलं की धाकट्या जावेच्या नव्या पाटल्या बघून काल तिचा जीव जळला होता. एरवी या बोलण्यावर बायांत महिनाभर चर्चा झाली असती, पण आज मायानं पटकन तिचा हात धरला आणि दोघी डोळे पुसत एका बाजूला उभ्या राहिल्या. मल्हारनं मोघम काहीतरी चुकलं-माकलं म्हटलं. ते म्हणताना त्यानं आईकडं बघितलं आणि डोळ्यांनीच तिला बजावलं, की गप राहा.

सुलाबाईला तर पहिल्या तांब्यालाच कळलं होतं की देव कुणासाठी अडला आहे. कोंडीबाकडं बघितलं तर तो हळूहळू पायवाटेकडं सरकत होता. न बोलावं तर देव कोपणार, आणि तो कोप त्या भादरलेल्या डोक्याच्या एवढ्याशा पोरीवर पडला तर? बोलावं तर दोन लेक आजच, सगळ्या गोतावळ्यासमोर, कायमचे वेगळे होणार. तिनं बिरोबाच्या शेंदरी तोंडाकडं बघितलं. तिथून काही मदत मिळण्यासारखी दिसेना. मग ती गुडघ्यावर हात ठेवून उठली.

"धुळा."

"काय आये?"

"तुझी मेंढरं मी इकली. उद्याच्याला कोंडीबाचा टेंपो येणार हाय. तुला इचारलं न्हाई. मल्हारनं इचारलं, आन मी व्हय म्हणाले."

मल्हार "आये" म्हणून पुढं झाला, पण मायानं त्याचा दंड धरला आणि सोडला नाही. नाथाजींनी खाली उतरू लागलेल्या कोंडीबाकडं असं बघितलं की तो होता तिथंच थांबला.

धुळानं मान वर केली नाही. "का इकलीस?"

"भ्याले म्हून. तुझा बा रानात गेला, मला त्याचं तोंड बी दिसलं न्हाई. तू निगालास की मी रातभर फोनकडं बघत बसतिया. मला आता ते सोसंना झालंय."

"मग आसं म्हणायचं व्हतं की मला." धुळा खाली बघतच म्हणाला. "मी भ्याले, आसं म्हणायचं व्हतं. मी काय तुजं ऐकलं नसतं व्हय?"

सुलाबाईला रडू आवरेना. पदरानं तोंड पुसून ती देवाकडं वळली. "बिरुबा, माझा शबुद मी माघारी घेतला. मेंढरं धुळाची. ठिवायची का इकायची, त्येचं त्यो ठरवील. लेकाच्या माघारी मी परत काय करणार न्हाई."

एवढं बोलून तिनं खाली बघितलं, आणि तेव्हा तिला धुळाचा हात दिसला. तो सकाळपासून दिसतच होता, पण आता नीट दिसला. जबड्याखाली पंजा आणि कानामागच्या खळग्यात अंगठा, घट्ट रुतलेला. लोकर कातरण्याआधी मेंढरं ओढ्यात धुताना तिच्या नवऱ्यानंच तिला ही पकड शिकवली होती. जनावर अंग झाडतं ते डोक्यापासून; डोकं धरून ठेवलं की कितीही पाणी ओता, ते झाडत नाही.

तिच्या डोळ्यांसमोर तो अंगठा सुटला. धुळानं हात सावकाश मागं घेतला आणि धोतराला पुसला.

एडक्यानं कान फडफडवले, मग मान, मग पाठ, आणि शेपटीपर्यंत सगळं अंग झाडलं. पाणी आणि भंडारा सगळ्यांच्या कपड्यांवर उडाला. ढोल वाजायला लागला, चांगभलंचा गजर झाला, म्हातारी माणसं एकमेकांना सांगायला लागली की बघा, पोटातलं बाहेर आलं आणि देव पावला. सुलाबाई भिजलेल्या तोंडानं तशीच उभी राहिली.

पंगती तीन वाजता बसल्या, पण बसल्या. कोंडीबा पोटभर जेवला, कारण आलेल्या पाहुण्याला उपाशी पाठवायची रीत नव्हती. आणि टेंपो येणार नाही हे त्यानं आपणहून सांगितलं. मल्हार आधी जेवायला बसला नाही. तो वाढप्यांबरोबर फिरत राहिला, आणि आईपाशी आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. "मी काय दादाचा वैरी न्हाई, आये," एवढंच तो म्हणाला. "द्येवानंच कौल दिल्यावर मी काय बोलणार." सुलाबाईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. देवाबद्दल ती काही बोलली नाही. मायानं मात्र नवऱ्याला हाताला धरून नेलं, शिवांजलीला धुळाच्या मांडीवर ठेवलं आणि मल्हारला त्याच्याच शेजारी पंगतीत बसवलं. दोघं भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत, पण धुळानं आपल्या ताटातली मटणाची नळी मल्हारच्या ताटात टाकली आणि मल्हारनं ती खाल्ली.

पाहुणे पांगायला लागले तेव्हा सुलाबाईनं धुळाला हौदापाशी गाठलं.

"तुला ठावं व्हतं."

"टेंपोवाल्याचा परवाच फोन आला व्हता," धुळा हात धुत म्हणाला. "जाळीपतूर टेंपो येतुया का, रस्ता कसा हाय, इचारत व्हता. मीच सांगितला त्याला रस्ता."

"आन मी बोलले नसते तर?"

"सांजपतूर धरून बसलो असतो."

"द्येवाला फसवलंस, धुळा."

"द्येवाला सगळं ठावंच हाय, आये. तुझ्या तोंडनं ऐकायचं व्हतं." तो हौदाच्या काठावर बसला आणि दोन्ही हातांनी आपले गुडघे चोळायला लागला. "माझं गुडघं मला कळत न्हाईत व्हय? ह्यो एक फेरा करतो. मग इकायची तर इकू. पर मी इकीन. एकेकीच्या पाठीवर हात फिरवून, माझ्या हातानं टेंपोत चढवीन."

एका फेऱ्यातही काय काय होऊ शकतं, हे सुलाबाईइतकं कुणाला ठाऊक होतं? दिवाळीनंतर ती पुन्हा रात्रभर फोनकडं बघत बसणार होती, आणि ही भीती आता तिला कुणाला विकताही येणार नव्हती. ती त्याच्याशेजारी बसली. तिचं लुगडं एडक्यानं उडवलेल्या पाण्यानं अजून ओलं होतं.

मागून गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. नाथाजी राहीबाईला गाडीत बसवून निरोप घ्यायला आले होते. सगळं डोळ्यांनी बघूनही त्यांनी त्यातलं काही काढलं नाही. टोपी नीट करत ते सुलाबाईपुढं उभे राहिले.

"मग वैनी, निगतो. रान मोकळं ठिवू न्हवं? कवा येताय तेवढं सांगा."

सुलाबाई हौदाच्या काठावरून थोडी मागं सरकली, म्हणजे मधे धुळा आला.

"मला काय इचारताय, भावजी," ती म्हणाली. "त्याला इचारा."